खाऱ्या पाण्याचा आकडा

सोळा वर्षं बिरदेव एका माणसाला रोज शिव्या घालत होता आणि त्यात त्यानं एकदाही खाडा पडू दिला नव्हता. सकाळी मेंढवाड्याचं फाटक काढलं की पहिली शिवी, दुपारी बाभळीखाली भाकरी सोडली की दुसरी, आणि मेंढरं परत कोंडताना उरलेल्या सगळ्या. बायको मंगल म्हणायची, "देवाचं नाव तरी एवढ्या नेमानं घ्या की." पण देवानं बिरदेवाचं काही वाकडं केलेलं नव्हतं. केलं होतं ते साताऱ्याच्या लालासाहेबानं. आणि तो माणूस चांगला धडधाकट होता, वर कॅप्टन म्हणून मिरवत होता. बोटीवरची नोकरी संपवून त्यानं साताऱ्यात बंगला बांधला, मिशीला पीळ दिला आणि एक दिवस कॅप्टन झाला. कुणी केलं, हे विचारायची सोय नव्हती.

तर हा कॅप्टन जानेवारीतल्या एका सकाळी पांढऱ्या गाडीतून थेट बिरदेवाच्या गावात, कवठे महांकाळच्या पूर्वेला, तलावाच्या बांधावर येऊन उतरला.

गावच्या तलावात गाळ किती साठलाय हे मोजायचं काम निघालं होतं. कृष्णेचं पाणी पंपानं उचलून तलावात आणलेलं, तलाव काठोकाठ भरलेला, पण तळात गाळच एवढा की उन्हाळा लागायच्या आत पाणी तोंड फिरवायचं. मूळच्या खोलीत एक मीटर किंवा त्याहून जास्त गाळ निघाला तर सरकार तो काढून देणार होतं. कमी निघाला तर नाव यादीत नाही. मोजणीचं काम लालासाहेबाच्या नव्या धंद्याला मिळालं होतं, आणि त्याला तिथला एक माहीतगार माणूस नावेवर हवा होता. सरपंच हरणाबाईनं बिरदेवाला निरोप धाडला. गावात बोटीवर काम केलेला माणूस तो एकटाच.

निरोप ऐकून मंगल म्हणाली, "जाऊ नगा."

"का?"

"तुमचं त्वांड बघा आरशात. मंग कळंल का ते."

बिरदेव आरशात न बघताच गेला. वाटेनं तो मनाशी जुळवाजुळव करत होता. लालासाहेब त्याला बघून दचकणार, मान खाली घालणार, मग आपण त्याला काय बोलायचं याची त्यानं पाच-सहा वाक्यं तयार केली. सोळा वर्षांत त्यानं ती एवढ्यांदा तयार केली होती की त्यांना आता धार लावायचीही गरज नव्हती.

लालासाहेबानं त्याला बघितलं आणि दोन्ही हात पसरले.

"आयला, बिरदेव! जिवंत हाईस व्हय रं गड्या!" आणि चार माणसांदेखत त्याला मिठीच मारली. मग हरणाबाईकडं वळून म्हणाला, "आवं, हा आमच्या बोटीवर होता. लय कष्टाळू गडी. तुम्ही अगदी योग्य माणूस दिला."

बिरदेवाची सगळी तयार वाक्यं वायाच गेली. या माणसाला काही आठवतच नव्हतं. ज्यानं आपला उभा जन्म नासवला त्याला ते आठवूही नये, याचा त्याला एवढा संताप आला की त्यानं मिठीतून स्वतःला ओढूनच सोडवून घेतलं.

काय घडलं होतं ते गावात मंगलशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आई आजारी पडली म्हणून नोकरी सोडली, असं बिरदेवानं सांगितलं होतं आणि गावानं ते मानलं होतं.

खरी गोष्ट अशी. बिरदेवाचा बाप अर्जुना मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. दहा वर्षांच्या बिरदेवानं समुद्र पहिल्यांदा बघितला तो मेंढरांच्या मागं पळताना. मेंढरं खडकावर वाळलेलं मीठ चाटत होती आणि पोरगं लाटांकडं बघत उभं होतं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात समुद्र शिरला तो शिरलाच. पुढं मोठा झाल्यावर तो किनाऱ्यावर मिळेल ते काम करत करत समुद्राचा तळ मोजणाऱ्या एका खाजगी बोटीवर लागला. साहेब होता लालासाहेब. मुलुखाकडचा माणूस म्हणून बिरदेवाला केवढा आनंद झाला होता!

बोटीच्या बुडाला एक यंत्र असायचं. ते खाली आवाज सोडायचं, आवाज तळावर आपटून परत यायचा, आणि जायला-यायला किती वेळ लागला यावरून यंत्र खोली सांगायचं. कागदावर रेघ उमटत जायची. बिरदेव तासन् तास ती रेघ बघत बसायचा. किनाऱ्यापासून तळ हळूहळू उतरत जातो, मैलोन् मैल, आणि मग एका ठिकाणी एकदम कडा तुटतो. पाण्याखाली टेकड्या असतात, घळी असतात, नदीसारखे वळत गेलेले ओघळ असतात. "साहेब, हितं तर खाली बी घाट हाय की!" तो एकदा ओरडला होता आणि सगळी बोट हसली होती.

पण त्या रेघेवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो. आवाज सगळ्या पाण्यात सारखा पळत नाही. पाणी खारं आणि उबदार असलं की जोरात पळतो, गोडं आणि गार असलं की मागं रेंगाळतो. म्हणून पाणी कसं आहे हे आधी यंत्राला सांगावं लागतं. त्यासाठी रोज सकाळी दोन कामं. एक, नळी पाण्यात सोडून थराथराची ऊब आणि खारटपणा मोजायचा. दोन, साखळीला बांधलेली लोखंडाची पाटी बोटीखाली बरोब्बर पाच मीटरवर सोडायची आणि यंत्र पाच म्हणतंय का बघायचं. साडेपाच म्हणालं तर यंत्र खोटं बोलतंय. ही पाटी सोडायचं काम बिरदेवाचं. सोडा म्हणायचं काम साहेबाचं.

त्या वर्षी सप्टेंबरात घाटावर मोठा पाऊस झाला आणि खाडीच्या तोंडाला नदीचं पाणी पसरलं. बिरदेवानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून म्हणाला, "साहेब, वरलं पाणी गोडं झालंय. नळी सोडायची का?" लालासाहेबाला संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नाला पोचायचं होतं. तो म्हणाला, "जीभ काय यंत्र हाय व्हय रं तुझी? कालचेच आकडे टाक." पाटीही सोडली नाही. यंत्रानं वीतभर जास्त खोली दाखवली. आठ दिवसांनी खनिजानं भरलेला एक पडाव, म्हणजे मालाची सपाट बोट, त्या नकाशावर विसंबून आत आला आणि पाण्याखालच्या रेतीच्या दांड्यावर बसला. दोन खलाशी जायबंदी झाले.

चौकशी झाली. अकरा माणसं बसली होती. लालासाहेब उभा राहिला आणि म्हणाला, "मी पाटी सोडायला सांगितलं होतं, यानं सोडली नाही. मेंढरं राखणाऱ्याच्या हातात समुद्र दिला, ही चूक मात्र माझी." अकरातले सात-आठ हसले. बिरदेव ओरडून सांगत होता, पण वहीत कालचे आकडे होते आणि खाली सही त्याची होती. कागदावर 'निष्काळजी' असा शेरा पडला. पुढं कुठल्याच बोटीनं त्याला उभं केलं नाही. नोकरी गेली हे त्यानं एक वेळ गिळूनही टाकलं असतं. त्याचा समुद्र गेला होता, आणि ते हसू कानातून गेलं नव्हतं.

आता तोच माणूस तलावाच्या बांधावर मिठी मारत होता.

लालासाहेबाबरोबर क्रांती नावाची बाई होती. तासगावची, बेचाळिशीची, उन्हानं रापलेली. आधी रस्त्यांच्या मोजणीत काम केलेलं, इथं यंत्र तीच चालवायची. तिनं नावेत यंत्र बसवलं, पडदा चालू केला, आणि बिरदेवाची नजर आपोआप वरच्या कोपऱ्यात गेली. तिथं आवाजाचा वेग लिहिलेला असतो. पंधराशे चाळीस.

तो बघतच राहिला. पंधराशे चाळीस हा समुद्राचा आकडा. उबदार, खाऱ्या समुद्राचा. जानेवारीतल्या गार, गोड्या तलावात आवाज सेकंदाला पन्नासेक मीटर तरी कमी पळणार.

क्रांतीलाही शंका आली असावी. ती म्हणाली, "सर, हा आकडा बदलायला पायजे का? आन् पुस्तकात लिहिलंय, आधी पाटी सोडून बघायची."

"क्रांतीबाई," लालासाहेब हसला, "पंचवीस वर्षं समुद्रावर हाच आकडा चालवलाय. तळ्यात काय वादळ येणार हाय? हात लावू नका. चला, ऊन चढायच्या आत दोन फेऱ्या मारू."

बिरदेव वल्ह्याला हात घालून बसला होता. कुणीतरी ताट वाढून पुढ्यात ठेवावं तसं झालं होतं. त्यानं तिथंच तोंडी हिशेब केला. खोल जागी, बांधाच्या पायथ्याला, यंत्र अर्धा मीटर जास्त सांगणार. म्हणजे गाळ अर्धा मीटर कमी दिसणार. अहवाल खोटा निघणार. आणि तो खोटा आहे हे सिद्ध करायला एक दोरी आणि एक दगड पुरे.

एक शब्द बोलला असता तर चूक तिथल्या तिथं दुरुस्त झाली असती. बिरदेवानं तोंड मिटून घेतलं आणि वल्ह्यानं नाव पाण्यात ढकलली.

दुसऱ्या दिवसापासून कॅप्टन बांधावरच्या करंजाखाली खुर्ची टाकून फोनवर बोलत बसला. नावेत दोघंच, क्रांती आणि बिरदेव. तलाव आडवा-उभा कापत जायचं, ती पडद्याकडं बघणार, तो दिशा धरणार. ती बोलकी होती. घरी बाप अंथरुणाला खिळलेला, भाऊ वेगळा निघालेला, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती माहेरी. शेडवर वाळवलेला बेदाणा ती कागदात बांधून आणायची आणि अर्धा बिरदेवापुढं ठेवायची.

"भाऊ, समुद्राचा तळ खरंच असा असतो का, चित्रात दावतात तसा? डोंगरबिंगर?"

"असतो की." बिरदेवाला किती वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "आपल्या दंडोबाच्या डोंगरापरास मोठं डोंगर हाईत पाण्याखाली. वर नुसतं निळं पाणी दिसतंय, माणसाला वाटतंय खाली परात हाय. परात न्हाई. वर पाणी कोमट, आन् जरा खाली गेलं की एकदम गार. मी नळी वर काढली की तळातलं पाणी हातावर घ्यायचो. भर उन्हाळ्यात बोटं बधिर व्हायची."

"आन् खारट? सगळीकडं सारखंच?"

"न्हाई. नदीच्या तोंडाला कमी, उन्हात आटलेल्या जागी जास्त. गोडं पाणी हलकं, त्ये वर तरंगतंय. खारं जड, त्ये खाली बसतंय. दोगं एकाच जागी असून येगळं ऱ्हात्यात."

क्रांती ऐकत होती. तिच्या मागं पडद्याच्या कोपऱ्यात पंधराशे चाळीस लिहिलेलं होतं. बिरदेवाच्या जिभेवर आलंही होतं, की बाई, तो आकडा बदला. एवढं सगळं पाण्याबद्दल सांगितलं, त्यात एक वाक्य जड नव्हतं. मग बांधावरून लालासाहेबाचं हसणं ऐकू आलं. फोनवर कुणाशी तरी तो खो खो हसत होता. बिरदेवानं जीभ आवरली. असाच हसणार आहेस का शनिवारच्या सभेत, बघू की.

त्या दिवशी ऊन कलल्यावर सगळे गेले. बिरदेव एकटा नाव घेऊन बांधाच्या पायथ्याला गेला. मेंढीच्या लोकरीची दोरी, तिला मीटरामीटरावर गाठी, खाली चपटा दगड. टोकदार दगड गाळात घुसतो, खोटं सांगतो. दगड टेकला. चौदाला दोन बोटं कमी. दुपारी त्याच जागी यंत्रानं साडेचौदा सांगितलं होतं, आणि तलाव बांधला तेव्हा ती जागा पंधरा मीटर खोल होती. म्हणजे गाळ मीटरभराच्या वर. दोरी गुंडाळताना तो मोठ्यानं हसला आणि आपलंच हसणं ऐकून त्याला बरं वाटलं.

घरी मंगलनं ओळखलं. "काय केलंसा?"

"काय बी न्हाई. नुसता बसलोय."

"मला भ्या वाटतंय तुमच्या ह्या बसण्याचं."

"शनवारी सभा हाय. समद्यांच्या म्होरं त्याचं त्वांड काळं हुतंय का न्हाई बघ. तवा अकरा हुते, आता सगळा गाव असंल."

"आन् त्या बाईचं काय? यंत्र तर ती चालवतीय."

"तिचा काय संबंध?" बिरदेव म्हणाला. "चूक त्याची हाय." आणि त्याला ते मनापासून खरं वाटत होतं.

शनिवारी बांधावरच मांडव घातला होता. जिल्ह्याहून इंजिनिअरसाहेब आले होते. संध्याकाळपर्यंत यादी वर जायची होती, म्हणून त्यांना घाई. लालासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभा राहिला आणि रंगीत नकाशा दाखवून म्हणाला, "बांधाच्या पायथ्याला खोली साडेचौदा. गाळ फक्त अर्धा मीटर. गावाचं नशीब चांगलं आहे, तलाव अजून तरुण आहे." गाव चुळबुळायला लागलं. हरणाबाईचा चेहरा पडला. अर्धा मीटर म्हणजे यादीत नाव नाही.

बिरदेव उठला. "साहेब, यंत्र खोटं बोलतंय."

सगळे वळले. इंजिनिअरसाहेबांनी भुवया उंचावल्या. बिरदेवानं दोरी पुढं केली. "चला नावेत. दोन मिंटं लागत्याल."

इंजिनिअरसाहेब आले, लालासाहेब आला, क्रांती यंत्र घेऊन आली. सगळा गाव बांधावर उभा. यंत्र म्हणालं साडेचौदा. बिरदेवानं दगड सोडला, टेकला, दोरी ताणून धरली आणि साहेबांनी स्वतः गाठी मोजल्या. चौदाला दोन बोटं कमी. मग बिरदेवानं पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यो समुद्राचा आकडा हाय. ह्या तलावात मीठ हाय का, इचारा कॅप्टनला." बांधावरून हशा उठला. चांगला दणदणीत हशा होता. बिरदेवानं तो उभ्या उभ्या अंगावर घेतला आणि लालासाहेबाकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सोळा वर्षांनी बिरदेवाच्या छातीवरचा धोंडा उतरला.

तो आनंद जेमतेम नाव काठाला लागेपर्यंत टिकला.

इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, "हा आकडा कोणी बसवला?"

लालासाहेबानं पापणीही लवू न देता क्रांतीकडं मान वळवली. "बाई, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आकडा बदला, पाटी सोडून बघा. सांगितलं होतं की नाही?"

क्रांतीचं तोंड उघडं राहिलं. "सर... मीच तर विचारलं हुतं..."

"माझीच चूक," लालासाहेब साहेबांना म्हणाला, आवाजात दुःख आणून. "रस्ते मोजणाऱ्या बाईच्या हातात पाणी दिलं."

हा माणूस तेच करत होता, त्याच आवाजात, जवळजवळ त्याच शब्दांत. बिरदेव पुढं घुसला आणि ओरडला, "खोटं! बाईनं इचारलं हुतं. ह्यो म्हणला, हात लावू नका. माझ्या म्होरं म्हणला! मी नावेत हुतो!"

"पहिल्या दिवशी?" इंजिनिअरसाहेबांनी विचारलं.

"व्हय, पयल्या दिवशी."

"म्हणजे आकडा चुकीचा आहे हे तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं?"

हरणाबाई पुढं आली. "बिरदेवा, खरं सांग. तुला ठावं हुतं?"

"...व्हय."

"आन् च्यार दिस तू गप बसलास? आज यादी जायाची हुती रं. आपला तलाव बसत हुता यादीत!"

"दोरीचं माप हाय की, आक्का. त्ये लिवा..."

"दोरीचं माप कागदावर चालत नाही," इंजिनिअरसाहेब म्हणाले. "मोजणी पुन्हा करावी लागेल. म्हणजे आता पुढच्या वर्षीच."

तेवढ्यात लालासाहेबानं खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, हे बोलायचं नव्हतं मला. हा माणूस माझ्या बोटीवर होता. सोळा वर्षांपूर्वी पाटी सोडली नाही म्हणून याला काढला. चौकशीचा कागद आहे, निष्काळजी असा शेरा आहे. तो राग याच्या डोक्यात आहे. आता हा चार दिवस चूक बघत बसतो, सभेत उठतो, आणि म्हणतो कॅप्टन खोटा. याच्या शब्दावर काय विश्वास ठेवायचा तुम्हीच बघा."

बिरदेवानं त्याच्याकडं बघितलं. म्हणजे याला सगळं आठवत होतं. मिठी मारताना आठवत होतं, कष्टाळू गडी म्हणताना आठवत होतं. आणि गावाला आता कळलं होतं की आईच्या आजारपणाची गोष्ट खोटी होती. जो माणूस सोळा वर्षं आपल्याच गावाशी खोटं बोलला तो आज खरं बोलतोय, हे कुणी का मानावं? मांडवाच्या कडेला मंगल उभी होती. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता.

"मी खरं बोलतोय," तो म्हणाला. "बिरोबाची आन. खरं बोलतोय." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

इंजिनिअरसाहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "पहिल्या दिवशी बोलला असतात तर तुम्ही साक्षीदार होता. आज तुम्ही फक्त सूड घेणारा माणूस आहात." आणि त्यांनी अहवालावर लिहिलं, की यंत्रचालक श्रीमती क्रांती यांनी आवश्यक तपासणी केली नाही. लालासाहेबानं खाली सही केली. तिला कामावरून कमी करत असल्याचं त्यानं तिथल्या तिथं जाहीर केलं आणि गाडीत बसला. जाताना काच खाली करून बिरदेवाला म्हणाला, "पुन्यांदा भेटू गड्या." आणि हसला.

गाव पांगलं. हरणाबाई बिरदेवाकडं न बघता गेली. क्रांती नावेतून आपली पिशवी आणि डबा काढत होती. बिरदेव तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"बाई, मी कागद लिवून देतो. कुटं बी येतो साक्षीला. कोर्टात बी येतो."

तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. रडून झालेलं होतं, डोळे कोरडे होते.

"मी तुमाला समुद्राचं विचारत हुते," ती म्हणाली. "खारं जड, गोडं हलकं. सगळं सांगितलंसा मला. तो आकडा माझ्या पाठीमागं हुता आन् तुमच्या डोळ्यांम्होरं. तवा बी म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मला सांगावंसं वाटलं न्हाई?"

"वाटलं. दोनदा वाटलं." तो खरं बोलत होता. "मला त्याला बुडवायचा हुता, बाई. तुमी त्यात येशीला असं मनात आलं न्हाई."

"मनात आलं न्हाई," ती म्हणाली. "त्याच्या बी मनात तुमी कवा आला नसशीला. तसंच हे."

बिरदेवाला हे ऐकवेना. तो म्हणाला, "त्याच्यावर राग धरा. हक्क हाय तुमचा. मी बी धरलाय, मी संगं हाय तुमच्या."

"त्याच्यावर हाय माझा राग, ते मी बघून घेईन. पण त्याला मी कोण? पगारावरची बाई. तो मला ओळखत बी न्हाई. तुमी माझ्या समोर बसला हुता. माझ्या बापाचं दुखणं ऐकत हुता." तिनं पिशवी खांद्याला लावली. "तुमचं पूर्ण नाव काय?"

"कशाला?"

"साक्षीला न्हवं. सांगा की."

"बिरदेव अर्जुना कोळेकर."

"गाव हेच?"

"हेच."

"रोज ध्यानात ठेवीन," क्रांती म्हणाली, आणि कवठ्याची एसटी धरायला सडकेकडं चालायला लागली.